विश्लेषण : अंतराळात गेलेली केसरबाईंची तबकडी सापडली कुठे? तिच्या पाठोपाठ ब्लूज गाणे कसे आले?

‘नासा’ने १९७७ मध्ये पाठवलेल्या ‘व्हॉयेजर’ यानांवर पृथ्वीवरील निवडक संगीताची सोनेरी तबकडी आहे. त्यात भारताचे एकच गाणे आहे : गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत गाजलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापासून शक्यतो दूर राहणाऱ्या गायिकेचा आवाज सगळ्यात दूर पोहोचला, तो एका दुकानात धूळ खात पडलेल्या खोक्यामुळे. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांच्या जगात हा किस्सा फार आवडीने सांगितला जातो.

केसरबाई कोण होत्या?

फोंडा तालुक्यातील केरी गावी १३ जुलै १८९२ रोजी त्यांचा जन्म झाला. तेव्हा गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. कलावंत समाजातील मुलीला गाणे घरातूनच मिळे, पण मोठ्या उस्तादाची तालीम मिळणे वेगळे. आठव्या वर्षी त्यांना कोल्हापूरला नेण्यात आले आणि अब्दुल करीम खाँ यांच्याकडे जेमतेम आठ महिने शिक्षण झाले. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे, तेही ते गोव्यात येत तेव्हापुरते. पुढे मुंबईत बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले. गुरू बदलत गेले, तालीम तुटत गेली. एखादीने यालाच कंटाळून गाणे सोडले असते.

१९२१ मध्ये जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांनी त्यांना गंडा बांधला. त्या वेळी केसरबाईंचे वय २८ होते. म्हणजे ज्या वयात इतर गायिका नाव कमावून बसलेल्या असत, त्या वयात त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. खाँसाहेबांची तालीम कडक होती. वर्षानुवर्षे रोज तासन्‌तास तेच पलटे, तेच राग. मैफली गाजू लागल्यावरही शिकणे थांबले नाही. १९४६ मध्ये खाँसाहेब गेले, तोवर त्या शिष्याच राहिल्या.

रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्यांच्या गाण्याची वाखाणणी केली आणि ‘सूरश्री’ ही उपाधी कोलकात्याच्या रसिकांकडून आली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाचा राज्य गायिकेचा मान मिळाला. तोवर त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या होत्या.

ध्वनिमुद्रणाबद्दल नाखुशी का?

स्वभाव हे एक कारण. केसरबाई मानी होत्या. आपले गाणे कुणी, कुठे आणि कसे ऐकावे याबद्दल त्यांची मते ठाम होती. शिष्याही त्यांनी जवळजवळ केल्याच नाहीत. धोंडूताई कुलकर्णी हा ठळक अपवाद.

दुसरे कारण तांत्रिक आहे, आणि ते अधिक समजण्यासारखे आहे. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटे मावतात. जयपूर घराण्याचा ख्याल म्हणजे विलंबित लयीत, एकाला एक जोडलेल्या स्वराकृतींनी हळूहळू उभा राहणारा राग. मैफलीत त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तो तीन मिनिटांत बसवायचा तर आलाप कापायचा, तालाची आवर्तने मोजायची आणि तंत्रज्ञाने हात वर केला की थांबायचे. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकांनी या चौकटीचे सोने केले. केसरबाईंना ती जाचली.

तरीही त्यांच्या काही तबकड्या निघाल्या. ‘ब्रॉडकास्ट’ आणि ‘एचएमव्ही’ या कंपन्यांच्या शिक्क्याखाली ललत, तोडी, कुकुभ बिलावल, नट कामोद, मारुबिहाग अशा रागांची छोटेखानी गाणी आली. पुढे लाँग प्ले, कॅसेट आणि सीडीच्या संकलनांत तीच पुन:पुन्हा फिरली. मैफलींची थोडी खासगी ध्वनिमुद्रणेही रसिकांनी जपली. तेवढीच शिल्लक.

‘नासा’पर्यंत तबकडी पोहोचली कशी?

खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या गटाकडे जगभरातील संगीत निवडायला मोजके महिने होते. भारतीय संगीतासाठी त्यांनी रॉबर्ट ब्राउन या अमेरिकी संगीत अभ्यासकाला विचारले. त्यांनी केसरबाईंच्या भैरवीचे नाव दिले. यादीत तिची नोंद ‘जात कहाँ हो’ अशी आहे.

अडचण अशी की, तबकडी बाजारातून केव्हाच नाहीशी झाली होती. शोधाशोध सुरू झाली. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली सरकवलेल्या खोक्यात तिच्या न उघडलेल्या काही प्रती अॅन ड्रुयन यांना मिळाल्या. फ्रिज-मिक्सरच्या दुकानात तबकड्या कशाला, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. पण रेडिओ विकणाऱ्या दुकानातच तबकड्याही ठेवण्याची पद्धत आपल्याकडेही होती. त्या खोक्याची कुणी रद्दी केली असती, तर यादीत भारताच्या नावापुढे बहुधा दुसरेच गाणे असते.

पाठोपाठ ब्लूज कुठून आला?

सोनेरी तबकडीवर २७ रचना आहेत. पंचविसावी केसरबाईंची, साडेतीन मिनिटांची. तिच्यानंतर लगेच ‘डार्क वॉज द नाइट’ हे ब्लाइंड विली जॉन्सनचे गाणे येते. टेक्सासमधील हा दृष्टिहीन कृष्णवर्णीय गायक रस्त्यावर गिटार वाजवून धार्मिक गाणी म्हणत असे. डिसेंबर १९२७ मध्ये डॅलस येथे मुद्रित झालेल्या या गाण्यात शब्द नाहीत. फक्त गिटारवर घसरणारा सूर आणि गुणगुणणे. १९४५ मध्ये तो हलाखीत वारला.

त्याचे गाणे टिकले तेही संग्राहकांमुळे. मंदीच्या काळात अमेरिकेतील तबकडी-धंदा कोसळला आणि ब्लूजच्या अनेक तबकड्यांच्या मोजक्याच प्रती उरल्या. घरोघरी फिरून त्या विकत घेणारे छांदिष्ट लोक निघाले नसते, तर कितीतरी गायकांची नावेही राहिली नसती. त्यांच्यापैकीच हॅरी स्मिथ यांनी १९५२ मध्ये स्वत:च्या संग्रहातून ८४ गाणी निवडून लाँग प्लेचा संच काढला. त्यात जॉन्सनचेही एक गाणे होते. ब्लूजची नवी पिढी अशाच संकलनांवर पोसली गेली.

केरीची गायिका आणि टेक्सासचा गायक एकमेकांना ओळखत असण्याचा प्रश्नच नव्हता. दोघांच्या वाट्याला तबकडीची तेवढीच तोकडी वेळ आली, इतकेच साम्य.

मग याच भैरवीवरून केसरबाई ओळखाव्यात का?

नाही. भैरवी हा मैफल संपवण्याचा राग. केसरबाईंची खरी ताकद अनवट रागांच्या ख्यालात होती. जगाला त्या परिचित झाल्या त्या शेवटच्या, हलक्या पानावरून. तरीही त्या साडेतीन मिनिटांत आवाजाचा घेर आणि तानेतला दाणा लपत नाही. मोबाइलच्या बारीक स्पीकरऐवजी हेडफोन लावला, तर खर्जातली भरीव आस नीट ऐकू येते.

दोन्ही याने २० ऑगस्ट आणि ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाली. दुसऱ्या उड्डाणानंतर ११ दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाईंचे निधन झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये व्हॉयेजर-१ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले. सोनेरी तबकडीतील संगीत सामान्य श्रोत्यांना लाँग प्लेच्या संचात मिळाले ते मात्र थेट २०१७ मध्ये.

घरात जुनी तबकडी सापडली तर?

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या जुन्या वाड्यांत फोनोची पेटी गेली तरी खाली तबकड्यांची चळत उरलेली असू शकते. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ती वाकते, हातातून पडली की फुटते आणि स्पिरिटने पुसली तर विरघळते. मऊ कोरड्या फडक्याने धूळ काढावी, एकावर एक न रचता उभी ठेवावी. लाँग प्लेच्या सुईवर ती लावू नये, तिची खाच रुंद असते. लेबलवरील नाव पुसले असेल तरी कडेला कोरलेला क्रमांक वाचून त्याचा फोटो काढावा. त्या क्रमांकावरून संग्राहक गायकाचे नाव शोधून काढू शकतात.