निराधारांचे आश्रयदाते डेव्हिड ससून

मोठ्या दुखण्यासाठी पाटसचा माणूस सोलापूर रस्त्याने पुणे गाठतो, तो बहुधा ससून रुग्णालयासाठी. हे रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले, त्या डेव्हिड ससून यांच्या दानातून निराधार वृद्ध व अपंगांसाठीही पुण्यात एक घर झाले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

१७९२ साली बगदादच्या प्रतिष्ठित यहुदी घराण्यात त्यांचा जन्म झाला. तेथील सुभेदाराच्या छळामुळे ते परागंदा झाले आणि बुशहर बंदरमार्गे १८३२च्या सुमारास मुंबईस आले. आश्रयाचे मोल त्यांना तेव्हाच कळले असावे, असे आम्हांस वाटते. इंग्रजी अमलात अफाट संपत्ती मिळवूनही त्यांनी आपला पेहराव व धर्माचरण सोडले नाही. त्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता, हे आम्ही झाकू इच्छित नाही. दान थोर खरे. पण अफूने उद्ध्वस्त झालेले संसारही हिशेबात धरले पाहिजेत.

व्हिक्टोरिया राणीच्या काळी इंग्लंडात धनिक मंडळी गरीब वृद्धांसाठी धर्मार्थ घरकुले बांधीत. पुण्यातील डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह त्याच काळातले, १८६०च्या दशकातले. नोव्हेंबर १८६४मध्ये ससून पुण्यातच निवर्तले. १८६७ साली सुरू झालेले रुग्णालय त्यांना पाहावयास मिळाले नाही. लष्कर भागातील लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे. पंगू गृह नव्या पेठेत ‘निवारा’ या नावाने आजही वृद्धांना सांभाळते.