बिजू पटनायकांची विमान कंपनी होती, तिच्या डकोटाने इंडोनेशियाचा नेता डचांच्या नाकाखालून आणला

जुलै १९४७. भारताला स्वातंत्र्य मिळायला अजून तीन आठवडे बाकी होते. तिकडे इंडोनेशियात डचांनी २१ जुलैला पुन्हा लष्करी हल्ला सुरू केला. जावा बेटावरचं आकाश आणि समुद्र, दोन्ही त्यांच्या ताब्यात. आणि नेहरूंना हवा होता तिथून बाहेर काढलेला एक माणूस : सुतान शहरीर. नुकतेच पंतप्रधानपदावरून उतरलेले, पण जगापुढे इंडोनेशियाची बाजू मांडू शकतील असे नेते.

हे काम कुणाला सांगितलं? हवाई दलाच्या कुठल्या अधिकाऱ्याला नाही, तर ३१ वर्षांच्या एका खासगी विमान कंपनीच्या मालकाला. त्यांचं नाव बिजू पटनायक.

आज आपल्याकडे बिजू पटनायक म्हटलं की नवीन पटनायकांचे वडील, ओडिशाचे दोन वेळचे मुख्यमंत्री, बिजू जनता दल या पक्षाच्या नावातले बिजू, एवढंच आठवतं. पण या माणसाची खरी सुरुवात कॉकपिटमध्ये झाली.

जन्म ५ मार्च १९१६ चा, कटकचा. रेवेन्शॉ कॉलेजात शिकत होते, पण विमानाचं वेड लागलं आणि पदवी राहिली बाजूला. वैमानिक झाले. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या तेव्हा रंगूनमधून लोकांना बाहेर काढणाऱ्या उड्डाणांत ते होते. म्हणजे नोकरी ब्रिटिशांची. पण त्याच काळात भूमिगत काँग्रेस कार्यकर्त्यांना विमानातून गुपचूप इकडून तिकडे पोहोचवण्याचा उद्योगही चालू होता. हे उघड झालं आणि १९४३ मध्ये त्यांची रवानगी तुरुंगात झाली.

बाहेर आले तेव्हा युद्ध संपलं होतं. आणि युद्ध संपल्यामुळे एक विचित्र संधी तयार झाली होती.

अमेरिकन सैन्य जाताना भारतात डकोटा विमानं मागे सोडून गेलं होतं. दोन इंजिनांचं हे विमान २०-२५ माणसं किंवा दोन-अडीच टन माल न्यायचं, आणि पक्की धावपट्टी नसली तरी साध्या मैदानावर उतरायचं. विमानं स्वस्तात मिळत होती, युद्धातून मोकळे झालेले वैमानिक कामाच्या शोधात होते. त्या दोन-तीन वर्षांत देशात पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या विमान कंपन्या उगवल्या. बिजूंची कलिंग एअरलाइन्स त्यातलीच एक. नाव ओडिशाचं, कारभार कलकत्त्याहून.

तर पुन्हा जावाला. बिजू डकोटा घेऊन सिंगापूरमार्गे निघाले. सोबत पत्नी ज्ञान पटनायक होत्या असं सांगतात. त्याही वैमानिक होत्या. धाकटा नवीन तेव्हा जेमतेम नऊ महिन्यांचा. विमान पाडू अशी डचांची धमकी होती, तरी डकोटा जावात उतरली, शहरीर चढले, आणि सिंगापूर करून भारतात पोहोचले. १४ ऑगस्टला हेच शहरीर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इंडोनेशियाची बाजू मांडत होते.

गोष्ट इथे संपली असती तर सिनेमा झाला असता. पण त्याच आठवड्यात बिजूंच्या मालकीची आणखी एक डकोटा, नोंदणी क्रमांक व्हीटी-सीएलए, सिंगापूरहून रेडक्रॉसची औषधं घेऊन योग्यकर्ताकडे निघाली होती. २९ जुलैला उतरायच्या बेतात असताना डच लढाऊ विमानांनी ती पाडली. आत नऊ जण होते, वाचला एक. मेलेल्यांत अदिसुचिप्तो, अब्दुलरहमान सालेह आणि अदिसुमार्मो हे इंडोनेशियाचे तीन अधिकारी होते. आज योग्यकर्ता, मलंग आणि सोलो इथल्या विमानतळांना या तिघांची नावं आहेत. शहरीरच्या सुटकेची गोष्ट आपल्याकडे व्हॉट्सॲपवर दर वर्षी फिरते, या विमानाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. धमकी किती खरी होती, ते याच विमानावरून कळतं.

तीनच महिन्यांनी काश्मीर. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटच्या जवानांना श्रीनगरला उतरवायला सरकारने खासगी कंपन्यांची विमानं घेतली, त्यात कलिंगचाही सहभाग होता. पहिलं विमान स्वतः बिजूंनीच उतरवलं असं ओडिशात सर्रास सांगतात, पण त्यावर मतभेद आहेत.

आता तुम्ही म्हणाल, ही प्रवासी कंपनी होती की गुप्तहेर खातं? तर प्रवासीही होते. फाळणीने कलकत्ता आणि आसाम-त्रिपुरा यांच्या मधोमध पूर्व पाकिस्तान उभा केला. भारतातूनच आसामला जाणारा नवा रेल्वेमार्ग १९५० साली सुरू झाला, त्रिपुराला तर तोही नव्हता. त्यामुळे ईशान्येला विमान म्हणजे श्रीमंतांची चैन नव्हती, तीच एसटी आणि तोच मालट्रक. कलिंगसारख्या कंपन्यांना काम मिळालं ते या भूगोलामुळे.

पण पैशाचं गणित बहुतेक कंपन्यांचं बसेना. कंपन्या जास्त, प्रवासी कमी, इंधन महाग. शेवटी १९५३ मध्ये संसदेने कायदा केला आणि कलिंगसह आठ कंपन्यांची देशांतर्गत सेवा एकत्र करून इंडियन एअरलाइन्स बनवली. सहा-सात वर्षांत उभा केलेला धंदा सरकारजमा झाला.

इथे एक मेख होती. कायद्याने फक्त वेळापत्रकानुसार चालणारी सेवा ताब्यात घेतली होती. मागणीनुसार चालणारी उड्डाणं खासगी कंपन्यांना मोकळी होती. तिकिटं विकून मिळणारा सोपा भाग गेला, अवघड भाग उरला. बिजूंनी तोच धरला.

नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल. डोंगरात आसाम रायफल्सच्या चौक्या होत्या, पण तिथे जायला रस्ते नव्हते. जोरहाटहून कलिंगच्या डकोटा तांदूळ, मीठ, रॉकेल घेऊन निघायच्या. अरुंद दरीत शिरायचं, खाली यायचं, आणि उघड्या दारातून पोती ढकलायची. पोतं आपटून फुटू नये म्हणून एकात एक अशी दोन-तीन पोती वापरत. मग दरी संपायच्या आत वर उठायचं. ढग मध्ये आला आणि अंदाज चुकला, तर समोर डोंगर. कलिंगने अशी अनेक विमानं आणि माणसं गमावली. त्या वैमानिकांची नावं कुठल्या विमानतळाला नाहीत.

याच काळात बिजूंनी एक वेगळीच गोष्ट केली. विज्ञान सामान्य माणसापर्यंत नेणाऱ्यांसाठी युनेस्कोला देणगी दिली, त्यातून १९५२ पासून कलिंग पुरस्कार सुरू झाला. १९९६ मध्ये तो आपल्या जयंत नारळीकरांना मिळाला.

पुढचं राजकारण बऱ्यापैकी माहितीचं आहे. १९६१ मध्ये मुख्यमंत्री, १९६३ मध्ये कामराज योजनेत राजीनामा, आणीबाणीत तुरुंग, जनता सरकारात पोलाद आणि खाण खात्याचे मंत्री, १९९० ते ९५ पुन्हा मुख्यमंत्री. मधे त्यांच्या कंपन्यांच्या सरकारशी झालेल्या व्यवहारांवरून चौकशाही झाल्या. उद्योगपती आणि मुख्यमंत्री एकच असल्यावर हे प्रश्न येणारच होते, आणि ते विचारले गेले हे बरंच झालं. कलिंग एअरलाइन्स स्वतः सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. १७ एप्रिल १९९७ ला बिजू गेले.

त्यांच्या कंपनीची एक डकोटा मात्र कोलकाता विमानतळाच्या कोपऱ्यात कित्येक वर्षं गंजत उभी होती. नोंदणी क्रमांक व्हीटी-एयूआय. २०२३ मध्ये तिचे भाग सुटे करून ट्रकवर चढवले आणि रस्त्याने भुवनेश्वरला नेले. तिथे ती पुन्हा जोडून विमानतळावर ठेवली. विमानतळाचं नाव अर्थातच बिजू पटनायक आंतरराष्ट्रीय विमानतळ.