मायकेल फॅरेडे : पुस्तके बांधणारा मुलगा आणि विजेचा हिशोब



विद्युत अपघटनाचा पाठ घेताना आपण इलेक्ट्रोड, अॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द फळ्यावर लिहितो. विल्यम ह्युएल यांच्या मदतीने हे शब्द रूढ करणारे मायकेल फॅरेडे कोण होते, हे मुलांना आधी सांगा.

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी झाला. वडील आजारी, घरात तंगी. शाळा लिहिण्या-वाचण्यापुरतीच झाली. तेराव्या वर्षी ते पुस्तकांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागले. पुढे सात वर्षे बुकबाइंडिंग शिकले. बांधायला आलेली पुस्तके ते वाचून काढायचे. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्यांना हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडेंनी टिपणे काढली, ती स्वतः बांधली आणि डेव्हींना पाठवली. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते साहाय्यक झाले.

१८३१ मध्ये त्यांना दिसले की तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत नेला की वीज एका दिशेने वाहते, बाहेर काढला की उलट. प्रत्यावर्ती धारेचे मूळ इथेच आहे. नंतर दोन-तीन वर्षांतच त्यांनी अपघटनाचे नियम मांडले. जितकी वीज द्रवातून जाईल, त्या प्रमाणात पदार्थ सुटा होतो.

आता मुले हमखास विचारतील, मग घरातल्या विजेने पाण्याचे अपघटन का नाही करायचे? घरातली धारा सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. आत्ता जे धनाग्र, तेच पुढच्या क्षणी ऋणाग्र. म्हणून हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन टोकांना वेगवेगळे मिळत नाहीत. त्यासाठी एकाच दिशेची धारा, म्हणजे बॅटरी लागते. शिवाय प्लगची वीज पाण्यात सोडणे जीवघेणे आहे. पालकांनो, हे घरी बजावून सांगाच.

फॅरेडेंना उच्च गणित येत नव्हते. तरी निरीक्षण आणि रोजच्या नोंदी यांच्या बळावर ते इथवर पोचले. मुलांसाठी त्यांनी नाताळात १९ वर्षे व्याख्यानमाला घेतल्या. सर ही पदवी नाकारली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या वर्गातही घरच्या अडचणींमुळे मागे पडलेलं, पण सारखं का, का विचारणारं एखादं मूल असतंच. त्याला एक वही द्या, आणि प्रयोगात दिसेल ते त्यात लिहायला सांगा.