लोकमान्य टिळक यांचे ध्रुवप्रदेशविषयक संशोधन

बाळ गंगाधर टिळक (२३ जुलै १८५६, रत्नागिरी – १ ऑगस्ट १९२०, मुंबई) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील अग्रणी नेते, ‘केसरी’ व ‘मराठा’ या वृत्तपत्रांचे संपादक आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक होते. उत्तर ध्रुवाजवळचा प्रदेश एके काळी उबदार व वस्तीयोग्य होता आणि वैदिक आर्यांच्या पूर्वजांचे वास्तव्य तेथेच होते, असा सिद्धान्त त्यांनी ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ (१९०३) या इंग्रजी ग्रंथात मांडला. पृथ्वीच्या गतकालीन हवामानाचा आणि हिमयुगांचा प्रश्न भारतीय वाचकांपर्यंत पोहोचवणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांपैकी तो एक होय. त्यातील भूवैज्ञानिक भागाची कसून परीक्षा करणारा पुरावा मात्र पुढे ध्रुवीय समुद्रांच्या तळाशी साचलेल्या गाळातून मिळाला.

पार्श्वभूमी

टिळकांचे वडील गंगाधरपंत शिक्षक होते. संस्कृत आणि गणित या दोन विषयांची गोडी मुलाला घरातच लागली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून गणितात पहिल्या वर्गाची पदवी घेतल्यावर टिळकांनी १८७९ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. पुढे १८८५ मध्ये स्थापन झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत आणि १८९० मध्ये त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. सार्वजनिक कार्याच्या धकाधकीतही वेदांच्या कालनिर्णयाचा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. आकाशातील संपातबिंदूच्या सरकण्यावरून त्यांनी ‘ओरायन’ (१८९३) या ग्रंथात वैदिक सूक्तांचा काळ इ.स.पूर्व ४००० च्या सुमारास किंवा त्याआधी नेला. त्याच सुमारास जर्मनीत हेर्मान याकोबी हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षास आले होते. तथापि त्या आधी काय, हा प्रश्न ‘ओरायन’मध्ये अनुत्तरित राहिला होता.

तुरुंगवास आणि ग्रंथाची निर्मिती

पुण्यातील प्लेगचा काळ आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला यांनंतर टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. सप्टेंबर १८९७ मध्ये त्यांना अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. तुरुंगातील अन्नाने व कष्टांनी त्यांची प्रकृती खालावली. ऑक्सफर्डचे माक्स म्युल्लर यांनी ऋग्वेदाच्या आपल्या आवृत्तीची प्रत त्यांच्यासाठी पाठवली आणि त्यांच्या सुटकेसाठी केलेल्या अर्जावरही सही केली. पुस्तके वापरण्याची व रात्री काही वेळ दिवा ठेवण्याची सवलत मिळाल्यावर या सक्तीच्या विश्रांतीत ऋग्वेदाचे पुन्हा वाचन झाले.

सातव्या मंडलातील उषासूक्तात पहाटेचा पहिला उजेड आणि सूर्योदय यांच्यामध्ये अनेक दिवस गेल्याचे सूचन टिळकांना दिसले. पुण्याच्या अक्षांशावर उषा तासा-दीड तासात सरते. कित्येक दिवस रेंगाळणारी आणि क्षितिजावर गोल फिरणारी उषा केवळ ध्रुवाजवळच शक्य आहे. तैत्तिरीय संहितेतील तीस उषा-भगिनी, देवांचा सहा महिन्यांचा दिवस, दहा महिन्यांत सत्र पुरे करणारे दशग्व आणि अवेस्तातील दहा महिन्यांच्या हिवाळ्याची भूमी हे सर्व उल्लेख त्यांनी याच सूत्रात ओवले. सप्टेंबर १८९८ मध्ये सुटका झाल्यावर वर्षअखेरीस हस्तलिखित तयार झाले. परंतु ते लगेच प्रसिद्ध झाले नाही. संस्कृत पंडितांशी विचारविनिमय चालू होता आणि पुढे ताईमहाराज प्रकरणातील दाव्यांनी त्यांना वेढले. ग्रंथ मार्च १९०३ मध्ये पुण्यात प्रकाशित झाला, तोही फौजदारी खटल्याचे सावट डोक्यावर असताना.

ग्रंथातील भूवैज्ञानिक आधार

वेदवचनांचा अर्थ काहीही लावला, तरी ध्रुवप्रदेशात माणूस राहू शकत होता का, हे भूविज्ञानानेच ठरवायचे होते. टिळकांनी हे ओळखून ग्रंथाच्या आरंभीची प्रकरणे हिमयुगांना वाहिली आहेत. दोन हिमकालांच्या दरम्यान ध्रुवप्रदेशात सौम्य हवामान होते, हे मत त्या काळातील भूवैज्ञानिकांमध्ये प्रचलित होते.

खरा वाद काळाचा होता. स्कॉटलंडचे जेम्स क्रॉल यांनी पृथ्वीच्या कक्षेतील बदलांवरून शेवटचे हिमयुग सुमारे ८०,००० वर्षांपूर्वी संपले, असा हिशेब केला होता. अमेरिकन भूवैज्ञानिक मात्र नायगारा धबधब्याने कोरलेल्या घळईच्या लांबीवरून हा काळ सुमारे ८,००० ते १०,००० वर्षे इतकाच मानत. क्रॉल यांचा आकडा स्वीकारला तर मानवी परंपरेत ध्रुवप्रदेशाची आठवण टिकणे अशक्य ठरले असते. टिळकांनी अमेरिकन अनुमान स्वीकारले आणि हिमाच्या आक्रमणाने मूलस्थान उद्ध्वस्त होण्याचा काळ इ.स.पूर्व १०,००० ते ८,००० असा ठरवला. त्यानंतर स्थलांतराचा काळ आणि मग ‘ओरायन’चा काळ, अशी त्यांची कालमालिका आहे.

समुद्रतळाच्या गाळातील पुरावा

टिळक लिहीत होते तेव्हा खोल समुद्रातील गाळाचा अभ्यास नुकताच सुरू झाला होता. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२–७६ च्या सफरीत जमवलेल्या नमुन्यांवरील जॉन मरे व आल्फाँस रेनार यांचा अहवाल १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रित्यॉफ नान्सेन यांच्या ‘फ्राम’ जहाजाने १८९३–९६ मध्ये आर्क्टिक महासागर ३,००० मीटरहून अधिक खोल असल्याचे दाखवून दिले. म्हणजे ध्रुवाच्या ठिकाणी बुडालेला उथळ भूभाग नाही, हे स्पष्ट झाले. गाळ हाती होता, पण त्याचे वय मोजण्याचे साधन कोणाकडेच नव्हते.

ते साधन विसाव्या शतकाच्या मध्यास आले. नळीने उभा कापून काढलेल्या गाळाच्या स्तंभात वरचा थर नवा आणि खालचा जुना असतो. त्यातील फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांच्या कवचांत जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढलेले आढळले, की त्या काळी जमिनीवर हिमस्तर वाढलेले होते आणि समुद्राचे पाणी थंड होते, असे समजते. कारण हलका ऑक्सिजन बाष्पासोबत जाऊन हिमात अडकतो. बारीक चिखलात मध्येच सापडणारे वाळूचे कण व खडे हिमनगांनी वाहून आणलेले असतात. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटरवर असा खडा पोहोचवणारे दुसरे वाहन सहसा नाही.

१९७६ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील दोन गाळस्तंभांवरून हेज, इम्ब्री व शॅकल्टन यांनी गेल्या ४,५०,००० वर्षांतील हिमयुगांची लय कक्षीय बदलांशी जुळते, असे दाखवले. येथे निकाल विचित्रपणे विभागला गेला. हिमयुगाच्या अंताबाबत क्रॉल चुकले आणि टिळकांनी निवडलेला आकडा खऱ्याच्या जवळ ठरला, कारण सध्याचे उष्ण युग सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झाले. हिमयुगांच्या कारणाबाबत मात्र क्रॉल यांची मूळ कल्पना, मिलुटिन मिलांकोविच यांनी सुधारलेल्या रूपात, खरी ठरली.

टिळकांच्या मांडणीतील नाजूक दुवा वेगळ्याच ठिकाणी तुटतो. त्यांनी ध्रुवप्रदेश गोठण्यासाठी जो काळ दिला, त्याच काळात प्रत्यक्षात हिमस्तर वितळत होते. हिमाचा सर्वाधिक विस्तार सुमारे २१,००० वर्षांपूर्वी झाला होता आणि त्याआधीचे उबदार आंतरहिमयुग सुमारे १,२९,००० ते १,१६,००० वर्षांपूर्वीचे आहे. २००४ मध्ये ध्रुवाजवळील लोमोनोसोव्ह कटकावर ४०० मीटरहून खोल छिद्रण झाले. आर्क्टिक समुद्र साडेपाच कोटी वर्षांपूर्वी जवळजवळ उष्णकटिबंधीय होता, असे त्या गाळातून दिसले. मानवाच्या काळाशी त्या उबेचा काही संबंध नाही. दुसऱ्या बाजूने सायबेरियातील याना नदीकाठी, आर्क्टिक वृत्ताच्या बऱ्याच उत्तरेस, सुमारे ३२,००० वर्षांपूर्वीची मानवी वस्ती सापडली आहे. ती उबदार काळातील नसून हिमयुगातीलच आहे.

प्रतिक्रिया आणि उत्तरकाळ

पुण्यातच नारायण भवानराव पावगी यांनी या सिद्धान्ताला विरोध केला. आर्यांचे मूलस्थान सप्तसिंधूच असून ध्रुवप्रदेशात त्यांच्या केवळ वसाहती होत्या, असे त्यांनी १९१५ च्या ग्रंथात प्रतिपादिले. आजचे भाषाशास्त्रज्ञ व पुरातत्त्वज्ञ ध्रुवीय मूलस्थानाची कल्पना स्वीकारत नाहीत. वेदांतील दीर्घ उषेचे अर्थही ते अन्य प्रकारे लावतात.

१९०८ मध्ये टिळकांना पुन्हा राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. वैदिक कालगणनेवरील त्यांची टिपणे मृत्यूनंतर १९२५ मध्ये प्रकाशित झाली.

ध्रुवीय गाळाच्या अभ्यासाचे भारतातील प्रमुख ठिकाण गोव्यातील वास्को येथे आहे. तेथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र स्वालबार्डमधील काँग्सफ्योर्डनच्या तळाच्या गाळाचाही अभ्यास करते. त्याच खाडीकाठी न्यू-ओलेसुन येथे भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८ पासून आहे. तेथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. डिसेंबर २०२३ पासून या ध्रुवरात्रीतही भारतीय शास्त्रज्ञ तेथे काम करू लागले.