काळ्या पाषाणाखाली काय आहे, हे शोधणारे हिस्लॉप

बुलडाणा : घाटावर विहीर खोदली की आधी काळी माती, मग मुरूम अन् त्याखाली टणक काळा पाषाण लागतो. कुठं कुठं दोन पाषाणांच्या मधी लाल मातीचा पट्टाही दिसतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडं चित्र वेगळं. तिथं पूर्णेनं आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर आहेत. जमिनीच्या पोटातले असे थर वाचायचं काम विदर्भात ज्यांनी सुरुवातीला केलं, त्यात मोठं नाव म्हणजे स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळं नाव सगळ्यांना माहीत आहे. माणूस मात्र फार थोड्यांना माहीत आहे. ४ सप्टेंबर हा त्यांचा स्मृतिदिन.

शाळामास्तर अन् दगड

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. मिशनरी म्हणून ते निघाले अन् १८४५ साली नागपूरला पोचले. तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं, तर आपलं वऱ्हाड निजामाकडं. वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडं गेला तो १८५३ मध्ये. हिस्लॉप मराठी शिकले, त्यांनी शाळा काढली. मुलांना शिकवणं हे त्यांचं रोजचं काम. खडकांचा अभ्यास ते उरलेल्या वेळात करायचे. त्यासाठी सरकारी नोकरी नव्हती की हाताशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. सहकारी रॉबर्ट हंटर अन् ते दोघं मिळून नागपूरच्या आजूबाजूचा मुलूख बघत.

तेव्हाच्या नागपूरबाहेर टाकळी इथं काळ्या पाषाणाच्या थरांमधी त्यांना गाळाच्या दगडाचा पातळ थर मिळाला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख होते. फळं, बिया, लाकूड, एवढंच काय किड्यांचे अवशेषही दगड होऊन बसलेले होते. याचा अर्थ तिथं कधीकाळी तळं होतं.

ते कसं घडलं, हे पाझर तलावाच्या उदाहरणानं समजतं. दर पावसाळ्यात तळाशी गाळ बसतो. मेलेले शंख-शिंपले, पाला त्यात गाडला जातो. वरून नवा थर येतो, दाब वाढतो, पाणी निघून जातं अन् लाखो वर्षांत त्या गाळाचा दगड होतो. काळा पाषाण मात्र लाव्हा थंड होऊन बनला, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. तो एका दमात आला नाही. लाव्हा यायचा, थांबायचा. मधल्या काळात माती व्हायची, तळी भरायची, झाडं उगवायची. मग पुन्हा लाव्हा. विहिरीतला लाल पट्टा बहुतेक वेळा अशाच थांबलेल्या काळाची खूण असतो. लोणारच्या विवराच्या उभ्या कडेलाही लाव्ह्याचे असे एकावर एक थर दिसतात.

कोळशाचा वाद

१८५५ साली हिस्लॉप अन् हंटर यांचा नागपूर भागातल्या खडकांवरचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. कामठी, सिलेवाडा भागातल्या वालुकाश्मात, म्हणजे वाळूच्या दगडात, त्यांना पानांचे ठसे मिळाले होते. त्यात ग्लॉसोप्टेरिस या लांबट, जिभेसारख्या पानाचे ठसे होते. हीच वनस्पती बंगालच्या कोळसा पट्ट्यातही सापडते. म्हणून नागपूरचे थर अन् कोळशाचे थर यांचं नातं काय, त्यांचं वय किती, यावर तेव्हा मोठा वाद चालला. हिस्लॉप यांनी त्यावर लागोपाठ लेख लिहिले.

हा वाद नुसता पुस्तकी नव्हता. मुंबईहून रेल्वे वऱ्हाडाकडं येत होती. मलकापूर, शेगाववरून जाणारी ही लाईन १८६७ मध्ये नागपूरला पोचली, अन् आपला कापूस गाडीत बसून मुंबईला जायला लागला. इंजिनाला जवळचा कोळसा हवा होता. १८७० च्या दशकात वरोऱ्याची खाण चालू झाली. ते बघायला हिस्लॉप राहिले नव्हते.

आज माहीत आहे की तो कोळसा २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा आहे. झाडं पाण्यात गाडली गेली, हवा न लागल्यामुळं पूर्ण कुजली नाहीत, अन् वरच्या गाळाच्या दाबानं त्यांचा कोळसा झाला. ग्लॉसोप्टेरिसचे ठसे आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अगदी अंटार्क्टिकातही मिळाले. हे सगळे भूभाग एके काळी जोडलेले होते, त्याचा हा एक मोठा पुरावा. त्या जुन्या खंडाला नाव मिळालं गोंडवाना, आपल्याच गोंडांच्या मुलखावरून.

नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथं मिळालेली एका जुन्या उभयचर प्राण्याची कवटीही लंडनला गेली. डायनासोर हा शब्द तयार करणारे रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन केलं. टाकळीच्या एका खनिजाला हिस्लॉपाइट असं नाव पडलं.

बोरीच्या पुरात शेवट

हिस्लॉप गोंडांची भाषा अन् कथाही लिहून घेत. सप्टेंबर १८६३ मध्ये ते अधिकारी रिचर्ड टेम्पल यांच्यासोबत टाकळघाटला गेले. तिथं जुनी दगडी वर्तुळं आहेत. परत येताना हिस्लॉप घोड्यावर एकटे मागं राहिले. पावसानं बोरीजवळचा नाला भरला होता. घोडा मुक्कामी आला, स्वार आला नाही. शोध घेतला तेव्हा त्यांचा मृतदेह पाण्यात मिळाला. ४६ वर्षं पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते.

त्यांचे आदिवासींविषयीचे कागद टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापले. १८८३ मध्ये त्यांच्या नावानं कॉलेज उभं राहिलं.

आपल्या विहिरीशी नातं

चंद्रपूर, वणीकडं कोळसा आहे अन् आपल्याकडं खाणी का नाहीत, याचं उत्तर याच थरांत आहे. तिकडं जुने गाळाचे खडक वर किंवा वरच्यावर आहेत. आपल्याकडं सगळं लाव्ह्याच्या जाड पांघरुणाखाली झाकलेलं आहे. पाण्याचंही तसंच. सलग टणक पाषाणात पाणी कमी, ते मिळतं भेगांत, झिजलेल्या मुरमात अन् बारीक पोकळ्यांच्या खडकात. घाटाखाली गाळात पाणी आहे, पण खारपाणपट्ट्यात ते खारं लागतं.

म्हणून बोअरवर लाखभर रुपये घालायच्या आधी शेजारच्या विहिरीत उतरून थर बघावेत. कोणता दगड किती हातांवर लागला, पाणी कुठून झिरपतं, हे वहीत लिहून ठेवावं. हिस्लॉप यांनी टाकळीत केलं ते याहून फार वेगळं नव्हतं.