40 वर्षं वाळूत गाडलं गेलेलं स्पिटफायर पुन्हा उडालं. ते बनवणारे मिचेल कोण होते?

इंग्लंडच्या रेजिनाल्ड मिचेल यांचा जन्म 1895चा. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी करून ते 1917 मध्ये सुपरमरीन या विमान कंपनीत रुजू झाले. 1933 मध्ये कॅन्सरची मोठी शस्त्रक्रिया झाली, तरी त्यांनी काम सोडलं नाही. 5 मार्च 1936 रोजी त्यांचं स्पिटफायर पहिल्यांदा उडालं. पण ते हवाई दलात दाखल होण्याआधीच, 1937 मध्ये, वयाच्या अवघ्या 42व्या वर्षी मिचेल गेले.

मे 1940 मध्ये शत्रूच्या माऱ्यामुळे फ्रान्समधील कॅलेच्या किनाऱ्यावर उतरवावं लागलेलं एक स्पिटफायर वाळूत गडप झालं. 1980 मध्ये ते वर आलं. खराब भाग नव्याने घडवून त्याची पुनर्बांधणी झाली आणि 2011 मध्ये ते पुन्हा झेपावलं. मिचेल यांना जाऊन तेव्हा 74 वर्षं झाली होती.