स्वामी कुवलयानंद : श्वास मोजून पाहणारे योगी

स्वामी कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, बडोदा संस्थानातल्या डभोईचा. घरची गरिबी, तरी १९०३ मध्ये मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्याला प्रा. माणिकरावांकडे व्यायाम शिकले. पुढे अंमळनेरला राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. म्हणजे आपल्याच पेशातले, बरं का!

योगाचे गुरू परमहंस माधवदासजी, नर्मदाकाठच्या मालसरचे. पण ऐकलं आणि मानलं, असा गुण्यांचा स्वभाव नव्हता. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं, तिथे प्रयोगशाळा थाटली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं.

प्राणायामाने जास्त ऑक्सिजन मिळतो, असं तेव्हाही लोक म्हणत. हे तपासायचं कसं? छातीत किती हवा मावते ते मोजणारा स्पायरोमीटर इंग्लंडच्या जॉन हचिन्सनने १८४६ मध्येच जगापुढे मांडला होता. पण किती हवा आत गेली यावरून किती ऑक्सिजन शोषला गेला, हे कळत नाही. म्हणून स्वामीजींनी उच्छ्वासातले वायू तपासले. निष्कर्ष उलटा निघाला. प्राणायामात नेहमीच्या श्वसनापेक्षा जास्त ऑक्सिजन शोषला जात नाही! योगासाठी आयुष्य दिलेला माणूस, पण त्याने हे लपवलं नाही, छापलं. मला तरी त्यांच्या चरित्रातलं हेच पान सगळ्यात मोठं वाटतं.

योगदिनाला फळ्यावर आपण अजूनही तेच ऑक्सिजनचं वाक्य लिहितो. आपला भंडारा धानाचा जिल्हा. मळणीच्या, राईस मिलच्या धुळीत एखाद्या मुलाला धाप लागते. त्याला श्वास रोखून दाखव म्हणणं ही तपासणी नव्हे. त्यात सराव आणि जिद्दच जास्त मोजली जाते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन सांगतो, पण आकडा चांगला असूनही दम्यात श्वासनळ्या आवळलेल्या असू शकतात. ते कळतं स्पायरोमेट्रीत, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली यावरून. साधारण पाच-सहा वर्षांपुढची मुलं ती नीट फुंकू शकतात आणि निकाल वय-उंचीशी ताडून बघतात. घरी रोजची नोंद ठेवायला पीक फ्लो मीटर असतो. कोणती चाचणी करायची ते डॉक्टर ठरवतील, पालकांनो. पण धाप कधी लागते, रात्री खोकला येतो का, हे त्यांना तुम्हीच सांगू शकता.

स्वामीजींचं निधन १८ एप्रिल १९६६ रोजी झालं. लोणावळ्याची संस्था आजही सुरू आहे.